तुटक रेषा

मारीन्या ग्रांदमध्ये, काचेच्या भट्ट्यांच्या गावात,
मी नोंदणीसाठी चित्रं काढते.
एका वस्तूची सात:
पुढून, मागून, दोन्ही कुशींवरून,
वरून, बुडाकडून, आणि एक तिरकं,
दारातून सहज डोकावणाऱ्याला दिसेल तसं.
पार्श्वभूमी कोरी. शेजारी फूल नको, हात नको.

जे आपलं, ते सलग रेषेत.
ज्यावर हक्क सांगायचा नाही, ते तुटक.
एवढीच या धंद्याची बाराखडी.

आबीलियू व्हेंतुरा नोव्हेंबरात आला
वर्तमानपत्रात गुंडाळलेला काचेचा जग घेऊन,
नुकत्या न्हायलेल्या पोराला आणावं तसा.
पाणी मागितलं. ओतलं. मधेच थांबवलं.
"बोट लाव," म्हणाला, "ओठाखाली."
कोरडं.

अकरा वर्षं त्या ओठापायी गेली होती.
एकोणीस साचे मोडले.
बायको म्हणायची, तोटीशीच लावायचं होतंस लग्न.

मग मी ते सांगितलं, जे मला दर वेळी सांगावं लागतं:
थेंब न गळणं हे काम झालं, रूप नव्हे.
कामाची नोंद या खिडकीवर होत नाही.
इथला कायदा नुसता बघतो,
त्याला तहान नसते.

"मग काय नोंदवणार, डोंबल?"
मी जग फिरवून पाहिला.
कानाच्या खाली एक चेप होता, अंगठ्याएवढा.
"ते काही नाही. मेण ओलं असताना
हात टेकला माझा. ट्रक यायचा होता, राहू दिलं."
तेच, मी म्हटलं. तेच नवं आहे.
असा चेप जगात कुठल्याच जगाला नाही.

तो उभा राहून बघत होता.
चेप मी एका दमात काढला, सलग.
ओठाशी आल्यावर पेन उचललं, टेकलं,
उचललं, टेकलं.
पूर्ण झाल्यावर ओठ शिवल्यासारखा दिसत होता.
त्याने पैसे भरले, पावती खिशात घातली,
आणि जिन्यावर काहीतरी बोलला
जे मला नीट ऐकू आलं नाही.

चौथ्या वर्षी लैरियाच्या बाजारात
दुसऱ्याच कंपनीचा जग निघाला.
अंग गुळगुळीत. चेप नाही. ओठ हुबेहूब.
त्याने एक विकत घेतला, माझ्या टेबलावर आणला.
"बोट लाव."

लिस्बनच्या वकीलबाईंनी दोन ओळींत कळवलं:
जाणकार वापरणाऱ्याच्या मनावर
या दोन वस्तूंचा एकूण ठसा वेगळा उमटतो.

हा जाणकार मी कधी पाहिला नाही.
त्याने म्हणे पुष्कळ जग पाहिलेले असतात,
फार बारकाईने नाही, अगदी वरवरही नाही.
खानावळीतली देओलिंदा तो नव्हे, एवढं नक्की.
ती दिवसाला साठ वेळा ओतते,
आणि पूर्वी दर ओतण्यामागे
मेजावरून फडकं फिरवायची.
तिला कुणी विचारलं नाही.

तरी दर पाच वर्षांनी आबीलियू यायचा,
चेपाचं शुल्क भरायला.
मी एकदा म्हटलं, सोडून द्या, कोण चोरणार आहे तो?
"माझ्या नावावर एवढंच आहे," म्हणाला,
आणि सुटे मोजत बसला.

या नोव्हेंबरात त्याची मुलगी झुल्मिरा आली,
काळ्या कोटात, पाकीट घेऊन.
पंचवीस वर्षं भरली, मी सांगितलं.
आता मुदत वाढत नाही.
"म्हणजे?"
म्हणजे आता तो चेप कुणीही घ्यावा.
तिने पाकीट मिटलं. काही वेळ
खिडकीतून धुराड्यांकडे बघत राहिली.
"घेईल का हो कुणी?"

माझ्या घरी जो जग आहे तो दुसरा,
गुळगुळीत अंगाचा.
त्या दिवशी तो माझ्या टेबलावरच सोडून गेला होता.
रात्री पाणी ओतते. थांबवते.
आणि सवयीने
ओठाखाली बोट लावून बघते.